फाटक, परिपाठ आणि शिस्त : प्राथमिक शाळेची नियमपत्रिका कशी तयार करावी

जूनच्या मध्यात शाळा उघडते, नवागत मुलांचे औक्षण होते, पाठ्यपुस्तके वाटली जातात आणि पुढच्या आठवड्यात मागच्या वर्षीचा नियमांचा तक्ता पुन्हा भिंतीवर चढतो. ‘वेळेवर यावे’, ‘स्वच्छ गणवेश घालावा’, ‘मोठ्यांचा आदर करावा’ अशी दहा-बारा वाक्ये त्यावर असतात आणि ती सगळी मुलांना उद्देशून असतात. गुरुजींनी किती वाजता यावे, पाहुण्याने कोठे थांबावे, भर दुपारी मूल घरी न्यायला आलेल्या माणसाला काय विचारावे, याविषयी त्या तक्त्यात एक अक्षरही सापडत नाही. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळांत आधी उपशिक्षक आणि नंतर मुख्याध्यापक म्हणून काम करताना माझे मत असे बनत गेले की, नियमपत्रिकेचा निम्म्याहून अधिक भाग मोठ्या माणसांसाठी लिहिलेला असावा. जो नियम सरपंचांना आणि मुख्याध्यापकांना लागू पडत नाही, तो तिसरीतले पोर फार दिवस पाळत नाही. पुढील सूचना याच समजुतीने लिहिल्या आहेत. त्या मुख्यतः पहिली ते पाचवीच्या गावशाळेसाठी आहेत, परंतु शहरातील खासगी शाळेलाही त्यांतील बराच भाग उपयोगी पडेल.

पत्रिका लिहायला कोणी बसावे

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे, विनाअनुदानित शाळा सोडून, प्रत्येक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते, तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. नियमपत्रिका याच समितीत बसून तयार करावी. मुख्याध्यापकाने एकट्याने लिहून आणलेला कागद मंजूर होतो खरा, पण पुढे फाटकावर वाद झाला की ‘हे तुमचे नियम’ असे ऐकावे लागते. बैठक सकाळी अकराला ठेवली तर सह्या मिळतात, माणसे मिळत नाहीत; जुलैत निंदणीला आणि दसऱ्यानंतर कापूस वेचणीला गेलेल्या बाया दिवस मावळल्यावरच घरी येतात. म्हणून बैठक संध्याकाळी, शक्य तर बाजाराच्या दिवशी ठेवावी.

पत्रिका एका पानाची असावी आणि तिचे सकाळ, फाटक व वागणूक असे तीन भाग करावेत. ती प्रमाण मराठीत लिहावी, मात्र पालकसभेत वाचून दाखवताना अहिराणीत, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी असाल तर पावरीत किंवा भिलीत समजावून सांगावी. ज्या शिक्षकाला ती भाषा येत नाही, त्याने गावातील शिकलेल्या एखाद्या मुलीला हे काम सांगावे. ती ते आनंदाने करते आणि आयांनाही परकेपणा वाटत नाही.

कुलूप उघडण्यापासून परिपाठापर्यंत

पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असे राज्य शासनाने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून ठरवले. गावशाळांना त्याने फारसा फरक पडला नाही, कारण त्या एरवीही उशिराच भरतात. गावशाळेची अडचण उलटी आहे. शाळा दहाला भरत असली तरी आईबाप आठाच्या आत शेतावर निघतात, घराला कुलूप लागते आणि मूल धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन साडेआठलाच शाळेच्या ओट्यावर येऊन बसते. त्या दीड तासात त्याच्यावर कोणाचीही नजर नसते. यासाठी पत्रिकेतील पहिला नियम असा असावा की, शाळा भरण्याच्या किमान अर्धा तास आधी ठरलेला शिक्षक आवारात हजर राहील, त्याचे नाव वारानुसार फळ्यावर लिहिलेले असेल आणि त्यापूर्वी कोणतेही मूल आवारात एकटे राहणार नाही. ज्यांना लवकर निघावेच लागते त्या पालकांची नावे जूनमध्येच विचारून घ्यावीत आणि त्यांची मुले तेवढा वेळ अंगणवाडीत की शेजारच्या घरी बसतील, हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे.

कुलूप उघडणाऱ्याने मुलांना आत घेण्याआधी एक फेरी मारावी. पावसाळ्यात दाराच्या मागे, सतरंजीच्या गुंडाळीत आणि सरपणाच्या ढिगाजवळ साप-विंचू निघणे आपल्याकडे नवलाचे नाही, तेव्हा सतरंजी मुलांकडून उचलवू नये. ती मोठ्या माणसाने झटकून टाकावी. पाण्याच्या टाकीचे झाकण, स्वच्छतागृहातील पाणी आणि आतली कडी, लोंबकळणारी वायर व स्वयंपाकखोलीतील गॅसची शेगडी एवढे पाहून झाले की पिण्याच्या पाण्यात मेडिक्लोर हे जंतुनाशक द्रावण टाकावे आणि मगच फाटक उघडावे. या फेरीला दहा मिनिटे लागतात.

त्यानंतर एका शिक्षकाने फाटकाशी उभे राहावे आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला नावाने हाक मारावी. याला शिष्टाचार समजू नये. कोण लंगडत आहे, कोणाचे डोळे सुजले आहेत, कोण कालच्याच कपड्यांत आणि उपाशीपोटी आले आहे, कोणाच्या अंगावर वळ आहेत, हे हजेरीच्या वेळी दिसत नाही. फाटकातून आत येताना मात्र ते हमखास दिसते. द्विशिक्षकी शाळेत एकाने फाटक आणि दुसऱ्याने मैदान सांभाळावे. एकशिक्षकी दिवस असेल, म्हणजे दुसरे गुरुजी प्रशिक्षणाला किंवा जनगणना-निवडणुकीच्या कामाला गेले असतील, तर समितीतील एका पालकाने तेवढी वीस मिनिटे यावे, असे आधीच ठरवून ठेवावे.

आवार झाडण्याचे काम मुलांना द्यावे की नाही, यावर पालकसभेत दरवर्षी वाद होतो. माझ्या मते वर्ग आवरणे, फळा पुसणे, झाडांना पाणी घालणे ही कामे पाळीपाळीने सर्व मुलांनी, मुलग्यांनी आणि मुलींनी सारखीच करावीत. स्वच्छतागृहाची सफाई मात्र कोणत्याही मुलाकडून करून घेऊ नये आणि झाडू शिक्षा म्हणून तर कधीच हातात देऊ नये. साने गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आले व पुढे तेथील छात्रालय सांभाळू लागले. तेथे मुलांच्या पसरलेल्या खोल्या ते न बोलता स्वतः आवरून ठेवत, आणि काही दिवसांनी मुलांनाच लाज वाटून खोल्या आवरलेल्या दिसू लागल्या, हे खान्देशात अजूनही सांगितले जाते. आठवड्यातून एकदा मुख्याध्यापकाने मुलांबरोबर झाडू हाती घेतला तर हा वाद निम्मा मिटतो.

परिपाठ आटोपशीर कसा ठेवावा

राष्ट्रगीताला ५२ सेकंद लागतात. २०२३ पासून राज्यगीत म्हणून स्वीकारलेल्या गीताला दीड मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागतो. प्रतिज्ञा आणि संविधानाची उद्देशिका धरली तरी पाच मिनिटांच्या वर जात नाही. तरीही अनेक शाळांत परिपाठ पाऊण तास चालतो, कारण त्यात प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, पाढे, सामान्यज्ञानाचे प्रश्न, पसायदान आणि शेवटी गुरुजींचे लांबलेले भाषण असे सगळे रोज बसवलेले असते. पाहुण्यांसमोर ते शोभते, परंतु माईकसमोर येणारी तीन-चार मुले वर्षभर तीच असतात आणि मागच्या ओळीतील पहिलीची मुले उन्हात पायांचा भार बदलत उभी राहतात. जळगाव-भुसावळकडे मार्च सरता सरता पारा चाळिशी ओलांडतो. सकाळच्या सत्राचा आदेश निघेपर्यंत दहा-साडेदहाचे ऊन सोसवत नाही आणि न जेवता आलेले एखादे मूल रांगेत कोसळते.

परिपाठ पंधरा मिनिटांत संपवावा. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा व उद्देशिका रोज घ्यावी. उरलेल्या उपक्रमांपैकी दोनच निवडावेत आणि ते वारानुसार बदलावेत. एका आठवड्याचा परिपाठ एका वर्गाकडे सोपवावा आणि त्या वर्गातील प्रत्येक मुलाला निदान एक वाक्य बोलायला मिळेल असे पाहावे. बातमी वर्तमानपत्रातून उतरवून आणण्याऐवजी गावाची सांगू द्यावी: पाटाला पाणी सुटले, कोणाच्या गाईला गोऱ्हा झाला, केळीच्या बागेला वादळाने झोपवले. पहिली-दुसरीची मुले राष्ट्रगीत, राज्यगीत व प्रतिज्ञेनंतर खाली बसतील, असा स्पष्ट नियम लिहावा. नखे आणि केस पाहायचे असतील तर ते वर्गात शांतपणे पाहावे. ओळीतून बाहेर काढून सर्वांसमोर हात दाखवायला लावले की स्वच्छतेऐवजी लाज शिकवली जाते.

हजेरी आणि उशीर

परिपाठ संपताच हजेरी घ्यावी आणि पहिल्या अर्ध्या तासात गैरहजर मुलांची यादी मुख्याध्यापकाच्या टेबलावर पोहोचावी. यादीतील ज्या मुलांच्या घरून निरोप आलेला नाही, त्यांच्या घरी त्याच दिवशी फोन करावा. मूल घरून शाळेसाठी निघाले पण शाळेत पोहोचले नाही, ही गोष्ट संध्याकाळी पाचला कळून उपयोगाची नसते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी ज्या शाळेत होतो तेथे उशिरा येणाऱ्याला फाटकाबाहेर उभे करण्याची पद्धत होती आणि मीही ती निष्ठेने पाळत असे. एका सकाळी चौथीतील एक मुलगा पाच-सात मिनिटे उशिरा आला, मी फाटक लावून घेतले आणि परिपाठानंतर त्याला आत घ्यायचे विसरलो. तो घरी गेला नाही. दिवसभर पाटचारीच्या काठाने फिरत राहिला. संध्याकाळी त्याची आई शाळेत आली तेव्हा माझ्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे नुसती गैरहजेरीची खूण होती. तो सुखरूप सापडला. उशिराचे कारण नंतर कळले: घरातील शेळी सुटली होती आणि ती बांधल्याशिवाय बाप त्याला येऊ देत नव्हता.

त्या दिवसापासून माझ्या शाळेत उशिरा आलेले मूल सरळ वर्गात जाते. वर्गात शिरताना त्याने काही विचारायचे नसते आणि शिक्षकानेही शिकवणे थांबवायचे नसते. छोट्या सुट्टीत कारण विचारून उशीर नोंदवहीत एका ओळीत लिहावे. महिन्यातून चार वेळा एकाच मुलाचे नाव आले तर बोलायचे ते मुलाशी नव्हे, पालकांशी, कारण या वयात मूल आपल्या मर्जीने उशिरा येत नाही. ते एसटीमुळे, पाण्याच्या पाळीमुळे किंवा धाकट्या भावंडामुळे उशिरा येते. शिक्षकांच्या हजेरीवहीतही येण्याची खरी वेळ लिहावी, आणि शाळेच्या वेळेत बँकेत किंवा पंचायत समितीत जाणाऱ्याने हालचाल नोंदवहीत नोंद करूनच निघावे. मुले या दोन्ही वह्या पाहत नाहीत असे समजण्याचे कारण नाही.

तीन दिवस सलग गैरहजेरी झाली की गृहभेट द्यावी. नंदुरबारच्या डोंगरी भागातून दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला गुजरातकडे आणि इतर जिल्ह्यांत जातात. अशा मुलांची नावे नुसती ‘गैरहजर’ म्हणून ओढत नेण्यापेक्षा, कुटुंब निघण्याआधी त्यांना शिक्षण हमी कार्ड द्यावे, म्हणजे जेथे जातील तेथील शाळेत त्यांना बसता येते. आजी-आजोबा गावात राहणार असतील तर हंगामी वसतिगृहाची सोय होते का, तेही समितीने पाहावे.

फाटकावरचे नियम

गावातील शाळा ही गावाचीच असते आणि त्यामुळे तिच्यात कोणीही केव्हाही येतो. सरपंच आणि पोलीस पाटील येतात, पोषण आहाराचे पोते घेऊन ट्रॅक्टरवाला येतो, आरोग्य पथक तपासणीला येते, विम्याचा आणि गाइडपुस्तकांचा एजंट येतो, वाढदिवसाचा केक घेऊन कार्यकर्ते येतात आणि सावली बरी आहे म्हणून दोन-चार रिकामे तरुण मोबाइल घेऊन वऱ्हांड्यात येऊन बसतात. यांतील बहुतेकांचा हेतू वाईट नसतो. नियम मात्र हेतू पाहून करता येत नाही, कारण हेतू कपाळावर लिहिलेला नसतो.

शाळेच्या वेळेत एकच फाटक उघडे असावे. आत येणाऱ्या प्रत्येकाने प्रथम कार्यालयात यावे आणि अभ्यागत नोंदवहीत नाव, गाव, मोबाइल क्रमांक, कोणाकडे व कशासाठी काम, येण्याची आणि जाण्याची वेळ लिहून सही करावी. अधिकारी शेरेबुकात शेरा लिहितात, म्हणून त्यांना या वहीतून सूट द्यावी असे काहींना वाटते. तशी सूट देऊ नये. माझा अनुभव असा की, केंद्रप्रमुखांनी आणि सरपंचांनी पहिल्या दोन पानांवर सह्या केल्या की पुढे कोणाशीही हुज्जत घालावी लागत नाही. म्हणून नवी वही सुरू करताना सरपंचांना चहाला बोलावून पहिली सही त्यांचीच घ्यावी. शिपाई नसलेल्या शाळेत ही वही आणि दोरीने बांधलेला पेन कार्यालयाच्या दाराशीच टेबलावर ठेवावा. निरक्षर पालक आला तर शिक्षकाने नोंद लिहून त्याचा अंगठा घ्यावा, आणि त्याला उभे न ठेवता खुर्ची द्यावी. कडक नियमासोबत पाण्याचा पेला पुढे केला की नियम टोचत नाही.

पालकाला शिक्षकांशी बोलायचे असेल तर तास चालू असताना वर्गाच्या दाराशी जाऊ नये. मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यानंतर भेटीची वेळ ठेवावी व ती पत्रिकेत लिहावी. डबा किंवा विसरलेली वही द्यायची असेल तर ती कार्यालयात द्यावी. मात्र शालेय पोषण आहाराची खिचडी पाहायची असेल, चाखायची असेल, तर कोणत्याही पालकाला मज्जाव नाही. उलट मुलांना वाढण्याआधी एका शिक्षकाने व शक्य असेल तेव्हा एका पालकाने ती चाखून नोंद करावी.

सर्वांत जास्त काळजी घ्यायची ती शाळा सुटण्याआधी मूल नेण्याच्या प्रसंगी. जूनमध्ये प्रत्येक मुलामागे, त्याला नेऊ शकणाऱ्या तीन व्यक्तींची नावे, नाते आणि फोन क्रमांक पालकाच्या सहीने लिहून घ्यावेत. त्या यादीत नाव नसलेला माणूस सख्खा मामा असला तरी, यादीतील व्यक्तीशी फोनवर बोलणे झाल्याशिवाय मूल त्याच्या हाती देऊ नये. फोन करताना त्या माणसाने दिलेला क्रमांक न लावता आपल्या यादीतील क्रमांक लावावा. मुलालाही बाजूला घेऊन विचारावे आणि ते घाबरले असेल तर थांबावे. एकदा आमच्या शाळेतून असा एक मामा भाचीला घेऊन गेला. मामा खराच होता, आजी आजारी असल्याचेही खरे होते, परंतु आईला काहीच माहीत नव्हते आणि तिने त्या दुपारी गावभर जो आक्रोश केला तो ऐकणाऱ्या कोणालाही यादीचे महत्त्व पुन्हा सांगावे लागले नाही. नेणारा दारू पिऊन आला असेल तर तो बाप असला तरी मूल देऊ नये. आईला किंवा यादीतील दुसऱ्या व्यक्तीला बोलवावे आणि गोंधळ वाढला तर ११२ या क्रमांकावर फोन करावा. आईबाप वेगळे राहत असतील तर न्यायालयाच्या आदेशाची प्रत मागून घ्यावी आणि त्याप्रमाणेच वागावे. कोणाची बाजू खरी हे शाळेने ठरवू नये.

वह्या-दप्तरे वाटायला येणाऱ्या दात्यांविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. मदत जरूर घ्यावी, पण ती परिपाठाच्या वेळी किंवा शाळा सुटतानाच घ्यावी, आणि मुलांना हात पुढे करून रांगेत उभे करून छायाचित्र काढण्याच्या अटीवर ती घेऊ नये. पालकांच्या संमतीशिवाय मुलांची छायाचित्रे कोणी काढू नयेत, समाजमाध्यमांवर टाकू नयेत, हा नियम बाहेरच्यांइतकाच शिक्षकांनाही लागू आहे. आपण स्वतः शाळेच्या गटावर रोज पंचवीस फोटो टाकत असलो तर पाहुण्याला अडवायला तोंड राहत नाही.

कोणताही मोठा माणूस, मग तो शिक्षक असो, दुरुस्तीला आलेला गवंडी असो की माजी विद्यार्थी, एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत राहणार नाही, हे वाक्य पत्रिकेत ठळक अक्षरांत असावे. बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने शाळांना सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती यांविषयी सूचना दिल्या. कॅमेरा बसवला म्हणजे काम झाले असे मानू नये. त्याचे चित्रण कोण आणि कोणत्या वारी पाहणार, हे ठरलेले नसेल तर तो कॅमेरा म्हणजे नुसते भिंतीवरचे खेळणे. तक्रारपेटी मुलांच्या हाताला येईल इतक्या उंचीवर लावावी, ठरलेल्या वारी दोघांनी मिळून उघडावी आणि त्या दोघांत एक महिला असावी. लिहिता न येणाऱ्या पहिलीच्या मुलासाठी पेटीचा उपयोग नाही, हे लक्षात ठेवून अशा मुलांनी कोणाला सांगावे, त्या बाईंचे नाव त्यांना पाठ करून द्यावे. १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक फाटकाजवळच्या भिंतीवर रंगवून घ्यावा.

वागणुकीचे नियम आणि शिस्त

मुलांसाठी पाचच नियम असावेत आणि ते मुलांच्या तोंडी बसतील असे असावेत. आमचे असे होते: दुसरा बोलत असताना ऐकायचे, हात कोणावर उचलायचा नाही, दुसऱ्याची वस्तू विचारून घ्यायची, न सांगता आवाराबाहेर जायचे नाही, काही झाले तर मोठ्यांना सांगायचे. ‘शिस्तीत राहावे’ हा नियम नव्हे, कारण शिस्तीत राहायचे म्हणजे नेमके काय करायचे हे मुलाला त्यातून कळत नाही. पहिले दोन आठवडे हे पाच नियम धड्यासारखे शिकवावेत: नळावर रांग कशी लावायची, पट्टी हवी असेल तर कशी मागायची, घंटा झाल्यावर मैदानातून वर्गात कसे यायचे, हे प्रत्यक्ष करून दाखवावे व करून घ्यावे. जे शिकवलेच नाही त्याबद्दल रागावण्याचा अधिकार आपल्याला नसतो.

पहिलीच्या वर्गात ज्याला आपण खोडकरपणा किंवा मख्खपणा म्हणतो, तो पुष्कळदा भाषेचा प्रश्न असतो. घरी अहिराणी, पावरी, मावची, कोकणी, गोरमाटी किंवा तडवी बोलणाऱ्या मुलाला ‘रांगेत उभा राहा’ हे वाक्यच पहिल्या महिन्यात उमगत नाही. डोंगराकडचे मूल गुरुजींना सहज ‘तू’ म्हणते, त्यात उद्धटपणा शोधू नये. ‘तुम्ही’ हळूहळू येते. रडणाऱ्या पोराला ‘काय व्हयनं रे भाऊ?’ असे विचारले आणि ‘आठे बठ’ म्हणून जवळ बसवले की निम्मे काम होते. बोलीवरून हसणाऱ्या मुलाला आणि तशीच थट्टा करणाऱ्या शिक्षकाला एकाच मापाने थांबवावे.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी केली आहे आणि तिचा भंग करणारा शिक्षक सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. छडी, कान पिळणे, कोंबडा, उठाबशा, गुडघ्यांवर उभे करणे, उन्हात पळवणे हे तर त्यात आलेच. ‘ढ’ म्हणणे, जातीवरून किंवा फाटक्या कपड्यांवरून बोलणे, सर्वांसमोर बापाचा धंदा काढणे हेही त्यातच येते. खिचडी न देणे ही शिक्षा कोणत्याही कारणाने करता येणार नाही. वर्गाबाहेर उभे करू नये, कारण वर्गाबाहेरचे मूल कोणाच्याच नजरेत नसते. कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, तेव्हा ‘दाखला हातात देईन’ ही धमकी देऊ नये. ती पोकळ आहे हे मुलाला लवकरच कळते. ‘मारा गुरुजी, आमची हरकत नाही’ असे सांगणारे पालक आजही भेटतात. त्यांना शांतपणे सांगावे की, तुमची हरकत नसली तरी कायद्याची आहे.

मग करायचे काय, हा खरा प्रश्न आहे. वर्गात मूल गडबड करीत असेल तर आधी शिकवत शिकवत त्याच्याजवळ जाऊन उभे राहावे. दहापैकी सात वेळा एवढ्यानेच भागते. नाही भागले तर हळू आवाजात, फक्त त्यालाच ऐकू जाईल असे एक वाक्य बोलावे, जागा बदलावी, हाताला काम द्यावे. त्यानंतरही चालूच राहिले तर तास संपल्यावर एकट्याशी, पण इतरांना दिसेल अशा ठिकाणी, वऱ्हांड्यात बोलावे आणि तीन प्रश्न विचारावेत: काय झाले, त्याने कोणाला त्रास झाला, आता तू काय करशील? सांडलेले पाणी पुसणे, फाडलेली वही चिकटवून देणे, ज्याला ढकलले त्याच्याबरोबर दुसऱ्या दिवशी नळाची रांग सांभाळणे, अशी भरपाई त्या कृतीशी जोडलेली असावी. पन्नास वेळा ‘मी भांडणार नाही’ लिहायला लावल्याने अक्षर मात्र बिघडते. मारामारी झाली असेल तर आधी दोघांना वेगळे करावे, जखम पाहावी आणि राग उतरेपर्यंत चौकशी करू नये. तापलेल्या डोक्याने सांगितलेली हकिकत अर्धीच खरी असते. त्याच दिवशी दोन्ही घरी शाळेनेच कळवावे, कारण गल्लीत ही बातमी पोहोचताना ढकलल्याचे डोके फोडल्यात रूपांतर झालेले असते.

नोंदी ठेवताना विशेषणे टाळावीत. ‘मुलगा उद्धट व भांडखोर आहे’ ही नोंद निरुपयोगी असते आणि पाच वर्षे मुलाच्या मागे लागते. ‘दुपारी दोनच्या सुमारास पाण्याच्या टाकीजवळ शेजारच्या मुलाला ढकलले; त्याने आईवरून शिवी दिली होती असे सांगितले; दोघांशी बोललो; पालकांना फोन केला’ अशी नोंद पुढच्या शिक्षकाला, समितीला आणि वेळ आली तर अधिकाऱ्यांनाही उपयोगी पडते.

काही गोष्टी मात्र वर्गशिक्षकाने स्वतःपुरत्या ठेवायच्या नसतात. खिशात ब्लेड सापडले, दगडाने गंभीर इजा झाली, मूल वारंवार घरी मार खाऊन येत आहे असे दिसले, तर त्याच दिवशी मुख्याध्यापकाला लेखी कळवावे. गुटख्याची पुडी सापडली तर मुलाला झोडपण्याऐवजी ती कोठून आली हे विचारावे. राज्यात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत, तंबाखूजन्य पदार्थ विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा बोलायचे ते फाटकासमोरच्या टपरीवाल्याशी आणि ग्रामपंचायतीशी. लैंगिक छळाची शंका आली तर शाळेने आपली वेगळी चौकशी करीत बसू नये. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. ‘गावाची बदनामी होईल’, ‘मुलीच्या लग्नाचे पाहा’ असे सांगत बैठक बसवणारी मोठी माणसे अशा वेळी नक्की येतात. त्यांनाही अभ्यागत नोंदवहीत नाव आणि कारण लिहायला सांगावे. मुलाचे नाव कोणापुढेही उघड करू नये आणि त्याला तीच हकिकत पुन्हा पुन्हा सांगायला लावू नये.

शाळा सुटताना

सुटण्याची घंटा झाली की वर्गानुसार, धाकटे वर्ग आधी, फाटकाकडे सोडावेत. रस्त्यापलीकडे जाणाऱ्या मुलांना एका शिक्षकाने ओलांडून द्यावे आणि काळी-पिवळीने किंवा रिक्षाने जाणारी मुले मोजून बसवावीत. घ्यायला कोणी न आलेले मूल राहिले तर शेवटचा शिक्षक त्याच्याबरोबर थांबेल, हा नियम लिहून ठेवावा आणि थांबणाऱ्याची पाळी लावावी, नाहीतर जवळच्या गावात राहणारा एकच शिक्षक वर्षभर थांबत राहतो. कुलूप लावण्यापूर्वी स्वच्छतागृहांत आणि प्रत्येक वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात डोकावून पाहावे, कारण दमलेले पहिलीचे मूल सतरंजीच्या गुंडाळीमागे झोपी गेल्याचे मी दोनदा पाहिले आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या बैठकीत पत्रिका पुन्हा वाचावी. अभ्यागत नोंदवही, उशीर नोंदवही आणि वागणुकीच्या नोंदी समितीसमोर उघडाव्यात, मुलांची नावे झाकून, आणि जो नियम पाच महिन्यांत एकदाही वापरावा लागला नाही किंवा ज्यावरून सारखी भांडणे झाली, तो खोडावा किंवा नव्याने लिहावा. आमच्या पत्रिकेतून पहिल्याच वर्षी ‘चप्पल-बूट अनिवार्य’ हे वाक्य असेच गेले. एका आजीने बैठकीत विचारले होते की, मग चपलेवाचून आलेल्या पोराला तुम्ही परत पाठवणार का, आणि त्यावर आमच्यापैकी कोणापाशीही उत्तर नव्हते.